पाणी सोडायचा दिवस

आमचा मुलगा फुटबॉलचा गोलकीपर आहे आणि तीच त्याची नोकरी आहे, हे राहात्यात कुणाला पटवायचं म्हणजे दगडावर डोकं आपटायचं. सगळं ऐकून घेतात आणि शेवटी विचारतात, ते ठीक आहे वहिनी, पण कामाला कुठं आहे? माझं माहेर नगरचं. तिथं छावणीच्या बाजूला पोरं चालायला लागली की चेंडूला लाथ मारतात, त्यामुळे मला कधी त्याचं नवल वाटलं नाही. हा सुट्टीत मामाकडे जायचा, तिथंच ते खूळ डोक्यात शिरलं आणि त्याच खुळानं त्याला देशातल्या मोठ्या लीगपर्यंत नेलं.

नेलं खरं, आणि तिथं नेऊन बसवलं. गोलात एकच जण उभा राहतो, दुसरा बाकावर. पहिल्याला काही झालं तरच दुसऱ्याचा नंबर, आणि ह्याच्या पुढचा तो गोलकीपर इतका धडधाकट, की मेला कधी शिंकला नाही. असं मनात आणू नये, पण मी आणलं. पाच सीझन मी टीव्हीपुढे बसून सामने पाहिले ते कॅमेरा एकदा तरी बाकाकडे वळेल म्हणून. वळला की हा दिसायचा, हातमोजे घालून तयार, आणि लगेच कॅमेरा पुढे जायचा.

गेल्या उन्हाळ्यात तो पहिला गोलकीपर क्लब सोडून गेला. कोचनं ह्याला सांगितलं, येता सीझन तुझा. ऐकल्या ऐकल्या मी पुरण घातलं आणि गल्लीत वाटलंसुद्धा. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, दुसरं काय!

कारण सीझनच येईना. एरवी पावसाळ्यात कॅम्प लागतो आणि दसऱ्याच्या पुढेमागे सामने सुरू होतात. यंदा दसरा गेला, दिवाळी गेली. वरच्या लोकांचं कसल्याशा करारावरून अडलं होतं म्हणे, आणि लीगचं घोंगडं तसंच भिजत पडलं. क्लबातून फोन यायचा, पुढच्या आठवड्यात कळवतो. तो पुढचा आठवडा कधी उजाडायचाच नाही. ह्याची बॅग भरून पुढच्या दाराशी ठेवलेली होती. झाडताना मी ती उचलायची आणि परत तिथंच ठेवायची. आत नेऊन ठेवायचा धीर होत नव्हता.

घरात कुणाचं बूड टेकत नव्हतं. तो पंपाच्या खोलीच्या भिंतीवर चेंडू मारायचा आणि झेलायचा, मारायचा आणि झेलायचा. धप्, धप्. ऐकून ऐकून माझं डोकं उठायचं, आणि थांबला की जास्तच उठायचं. हातमोजे रोज धुऊन वाळत घालायचा, मळले नसले तरी. फोन वाजला की मी पिठाच्या हातानं धावायची. एकदा तर गाडीचा विमा संपल्याचं सांगणाऱ्या त्या बाईलाच मी विचारलं, तारीख ठरली का हो?

आमचे हे साखर कारखान्यात. ह्यांनी एक दिवस जेवताना हळूच काढलं, की ओळखीच्या शाळेत खेळाच्या मास्तरची जागा निघतेय. मुलगा ताटातलं चिवडत राहिला. मीच फणकारले. तिशी ओलांडलेला गोलकीपर एक वर्ष घरी बसला तर पुढच्या वर्षी क्लब त्याला कशाला बोलावेल? कुणीतरी विशीतला आणतील. हे मलाही कळत होतं, म्हणून तर फणकारले.

आमची पेरूची बाग आहे आणि तिचा कारभार माझ्याकडे. पेरूला बहार धरायचा तर आधी पाणी तोडावं लागतं. पानं पिवळी पडतात, गळतात, झाड भकास दिसायला लागतं. ते पाहून जीव तुटतो, पण पाघळायचं नाही. नेमक्या दिवशी पाणी सोडलं की झाड फुलानं लगडतं. मधेच सोडलं तर नुसता पाला फुटतो आणि बहार हातचा जातो. यंदा मार्गशीर्षात मी पाणी तोडलं आणि घरात सगळ्यांना बजावलं, ठिबकच्या कॉकला कुणी हात लावायचा नाही.

एका सकाळी बागेत गेले तर विहिरीकडच्या चार ओळींखाली जमीन ओली गच्च. माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. कॉक बंद करायला धावले तर हा तिथंच बांधावर बसलेला. लपवालपवी नाही, काही नाही. पाणी मीच सोडलं म्हणाला.

तोंड सुटलंच माझं. बहार गेला, वर्षाचं वाटोळं केलंस, काय काय म्हणाले. आणि त्या भरात म्हणून गेले, "दोन आठवडं दम निघंना व्हय तुला? थांबणं म्हनून काय असतं, ते ठावं हाय का?"

पाच सीझन बाकावर बसलेल्या पोराला मी हे विचारलं. शब्द तोंडातून गेला आणि मला कळलं, पण तोवर गेला होता.

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. खाली पडलेलं पिवळं पान उचललं आणि म्हणाला, "मला बघवंना, आई."

मी जरा खालच्या आवाजात समजावलं, की अरे, झाडाला सवय असते, झाडाला ते कळतं.

"झाडाला काय कळतंय? पानी परत येनार हाय, असं त्याला कुनी सांगितलंय का?"

मी कॉक बंद केला आणि आम्ही दोघं एकामागे एक घरी आलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत फोन आला. लीग होणार, पण छोटी, आणि कॅम्पला लगेच या. ह्याने भीत भीत विचारलं, गोलात मीच ना? तर म्हणे, कोच बदललेत, आणखी एक पोरगा येतोय, आल्यावर बघू.

मी स्टँडवर सोडायला गेले. बॅग उचलताना दाराशी तिच्याखालची फरशी तेवढी पावलांनी न मळलेली निघाली होती, ती उगाच डोळ्यांपुढे येत होती. तुझाच नंबर लागेल, असं म्हणावं, असं फार वाटत होतं. मी नुसता बॅगेचा पट्टा सरळ केला.

गाडी लागली. पायरीवर पाय ठेवून तो मागे वळला. "बाकीच्या झाडांना पानी कधी सोडनार?"

"सोमवारी."

"नक्की?"

"नक्की. कॉक माझ्याच हातात हाय ना."

तो हसला. "झाडांचं बरं हाय," म्हणाला, आणि आत जाऊन बसला.