झेंडूची माळ आणि डावी दांडी

खंडेनवमीचा दिवस, निपाणीजवळचं आमचं गाव. जर्मनी-जपानची मोठी लढाई संपून पहिलाच दसरा होता... आणि दारात आमची जुनी गाडी, मागं उघडा हौदा असलेली, न्हाऊनमाखून उभी.

मी सांगतेय, नात टाइप करतेय. मला अक्षर येत नाही, तेव्हा चुका सगळ्या तिच्या.

माझ्या लग्नाला चार महिने झाले होते. सासूबाईंनी गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, स्टिअरिंगला झेंडूची ही जाड माळ बांधली. मग गाडी सुरू करायला आमच्या ह्यांनी पुढं जाऊन हँडल मारलं... आणि हँडल उलटं फिरलं! मनगट टम्म सुजलं.

सासूबाईंनी गाडीकडं नाही, माझ्याकडं बघितलं. "हिचा पायगुण! उद्याच हिला चिकोडीला माहेरी पोचवा."

"कशानं पोचवू?" हे कळवळत म्हणाले. "गाडी कुठं सुरू होतीया?"

मला हसू आलं, पण तेवढ्यापुरतंच. अशी माहेरी पाठवलेली पोर तेव्हा लवकर परत येत नसे.

धाकटे भावजी इंग्रजी शिकलेले. ते इंजिनाचं पुस्तक घेऊन बसले... ठिणगी कुठल्या सिलिंडरला आधी पडते, त्याचा क्रम मोठ्यानं वाचू लागले. "एक, दोन, चार, तीन." मनात म्हटलं, इंग्रजी शिकलं की माणूस मोजायला पण विसरतो वाटतं.

मी मात्र रोज सकाळी अंगण झाडताना बघायची. हे आधी स्टिअरिंगखालची डावी दांडी वर ढकलायचे, मग हँडल मारायचे. इंजिन धडधडलं की दांडी हळूच खाली ओढायचे. एकदा विचारलं तर म्हणाले, वर असली की ठिणगी उशिरा पडते, खाली असली की लवकर.

ते तेव्हाच डोक्यात बसलं होतं. जात्यावर दोघी दळायला बसलो आणि दुसरीनं खुंटा वेळेआधीच ओढला, तर पहिलीच्या मनगटाला हिसका बसतोच की... ठिणगीचंही तसंच.

"आज दांडी वर ढकलली न्हाई व्हय?" मी हळूच विचारलं.

"सकाळीच ढकललीया. पूजेआधी."

मी झेंडूत हात घातला. माळेची गाठ नेमकी त्या दांडीलाच मारलेली... आणि माळेच्या ओल्या ओझ्यानं ढिली दांडी पार खाली आलेली. फुलांच्या गर्दीत कुणाला दिसणार? गाठ सोडली, दांडी वर केली.

भावजींनी भीत भीत हँडल मारलं. एका फेरीत गाडी सुरू!

"कुणी शिकवलं गं तुला?" ह्यांनी विचारलं.

"जात्यानं."

गाठ कुणी मारली होती, ते मी बोलले नाही. सासूबाईही बोलल्या नाहीत, माहेरचं नावही पुन्हा निघालं नाही. पुढच्या दसऱ्याला मात्र त्यांनी माळ माझ्याच हातात दिली. "तूच बांध गं. मला वर हात पुरत न्हाय." स्टिअरिंग तर त्यांच्या छातीएवढ्याच उंचीवर होतं!

त्यांना जाऊन आता लई वर्षं झाली, म्हणून आज सांगते. गावात गिरणी येईपर्यंत आम्ही दोघी एकाच जात्यावर दळलो... आणि त्या दसऱ्यानंतर माझ्या मनगटाला त्यांच्याकडून एकदाही हिसका बसला नाही.