अंगभर तेल

जुलैत दादर चौपाटीवरून कुणी घरी आलं की आमच्याकडे दारातच आधी तळपाय बघतात. वाळूतलं डांबर चिकटलेलं असतं. ते साबणाने जात नाही, दगडाने घासून जात नाही, खोबरेल चोळलं की मात्र सुटतं. आईने माझे पाय असेच पुसले, मी माझ्या मुलांचे पुसले. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी त्या सकाळी मी जे केलं, ते करताना मला जराही शंका आली नाही. माझ्या स्वभावात शंका तशीही कमीच.

तीन दिवस वारा नुसता पिसाटला होता. चौथ्या दिवशी मी आणि नवरा चौपाटीवर फिरायला गेलो, तर कठड्याच्या भिंतीपाशी, भरतीने आणून टाकलेल्या कचऱ्यात, बदकाहून मोठा एक पांढरा पक्षी बसलेला. पंखांच्या कडा काळ्या, चोच लांब आणि टोकदार. पोटावर तळहाताएवढा डांबराचा डाग. माणसं जवळ गेली तरी हलेना, नुसता थरथरत होता. लोक मोबाईल काढून फोटो घेत होते. मला संतापच आला. ओढणी काढली, त्याला गुंडाळलं आणि सरळ घराकडे निघाले.

"अगं, चावेल तो! आधी कुणाला तरी विचार," नवरा मागून ओरडत होता. मी थांबत नाही म्हटल्यावर चालता चालता त्यानेच पक्षी वाचवणाऱ्यांचा नंबर शोधून फोन लावला. परळहून एक डॉक्टरबाई लगेच निघाल्या, पण वाटेत हिंदमाताला रस्त्यावर पाणी भरलं होतं. दोन तास लागतील म्हणाल्या. तोवर खोक्यात ठेवा, अंधार करा, हात लावू नका.

दोन तास नुसतं बसून राहणं मला जन्मात जमलेलं नाही. खोकं काढलं, पक्षी आत ठेवला, वर चादर टाकली. चहा टाकला, तो उतू गेला. चादर उचलून पाहिलं, तर थरथर तशीच. पुन्हा पाच मिनिटांनी पाहिलं. मग मी तेल कोमट केलं. नवरा म्हणाला, "त्यांनी हात लावू नका सांगितलंय." मी म्हटलं, "त्या येईपर्यंत जिवंत राहायला तर हवा!"

डांबर छान सुटलं. तिथे थांबायला हवं होतं. पण थरथर काही थांबेना, आणि तेलाने अंगात ऊब धरते हे मला कुणी शिकवायला नको होतं. दोन मुलं आणि एक नात या हातांनी तेल चोळून न्हाऊ घातली होती. मी त्याची पाठ चोळली, छाती चोळली, पंखांखाली बोटं घातली. हळूहळू त्याची हालचाल कमी झाली.

डॉक्टरबाईंनी चादर उचलली आणि त्यांचा चेहराच उतरला.

"काकू, डाग कुठे होता?"

"पोटावर."

"मग बाकीच्या अंगाला तेल कशाला?"

त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. हा बूबी. राहतो भर समुद्रात, जमिनीवर उतरतो तो दूरच्या बेटांवर अंडी घालायला. वादळात थकून असा किनाऱ्याला लागतो, त्यात जहाजांच्या तेलाचं डांबर अंगाला चिकटतं. त्याची पिसं कोरडी आणि घट्ट असतात म्हणून तो उबदार राहतो. तेलाने ती चिकटली की वारा थेट कातडीला लागतो.

"म्हणजे त्याला उलट थंडी वाजली?" नवऱ्याने विचारलं. मी त्याच्याकडे रागाने पाहिलं. मला तेच विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता.

डॉक्टरबाई त्याला परळला घेऊन गेल्या. पुढचे तीन दिवस माझं घरात कशात लक्ष लागेना. सकाळ, दुपार, संध्याकाळ फोन. खाल्लं का? धुतलंत का त्याला? डॉक्टरबाई न कंटाळता सांगायच्या, धुवायला तर हवंय, पण सगळं अंग धुणं सोसेल एवढी ताकद नाही त्याच्यात. चौथ्या दिवशी त्यांचाच फोन आला, तेव्हाच काय ते कळलं.

"मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नका," मी म्हटलं. "तेलाने गेला का?"

"थकलेला होताच, काकू. पण नुसतं पोट धुवायचं असतं, तर मी पहिल्याच दिवशी धुतलं असतं."

दुसऱ्या दिवशी मी चौपाटीवर गेले आणि फिरायला येणाऱ्यांच्या घोळक्यात उभी राहून सगळं सांगितलं. पक्षी सापडला तर खोकं, अंधार आणि फोन. तेल नको, दूध नको, काही नको. मी तेल लावलं आणि तो मेला. लोक अवघडले. एका बाईंनी माझ्या दंडावर हात ठेवला. "अहो, जाऊ द्या. तुम्ही चांगल्यासाठीच केलंत ना?"

"तेच तर सांगतेय!" माझा आवाज चढला. "तो माझ्या हाताखाली गारठत होता, आणि मी ह्यांना म्हणत होते, बघा, कसा शांत झालाय."