पोट्टा वयात आला

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. "सकाळी कोंबड्यांले दाणे टाकले अन् तिथंच बसले..." एवढंच मामी बोलू शकली. याला पंधरा दिवस झाले. पण मामा आठवला की रडू येण्याआधी हसू येतं, त्याला माझा इलाज नाही.

मामा स्टील प्लान्टात फोरमन होता. बाबा गेल्यापासून आई आणि मी त्याच्याकडेच राहायचो. निवृत्तीनंतर त्याने स्मृति नगरातल्या घरामागे कोंबड्या पाळल्या: अंड्यावर न आलेल्या पाच तलंगा आणि एक कोवळा कोंबडा. कोंबड्याला तो 'पोट्टा', म्हणजे पोरगा, म्हणायचा. हा पोट्टा तलंगांच्या महिनाभर आधी वयात आला आणि घराची अब्रू गेली. एक पंख जमिनीला घासत तिरका नाचायचा आणि लगेच मागे लागायचा. तलंगा किंचाळत तुळशीवृंदावनावर. मामी तोंडाला पदर लावून म्हणायची, "कापा त्याले!" मामा म्हणायचा, "प्लान्टातबी नवे पोट्टे आल्या आल्या सगळी बटनं दाबतात. शिकन तो." शेवटी त्याने अंगणात मधोमध जाळी लावली. तलंग आपणहून खाली बसली, पंख सैल सोडले, की ती तयार. तोवर जाळी निघणार नाही.

त्याच दिवसांत चरोद्याहून रेल्वेतली मंडळी मला पाहायला आली. मला आधी बी.एड. करायचं होतं. ते कुणी विचारलं नाही आणि माझीही दातखीळ बसलेली. मी चहा घेऊन बाहेर आले, तोच मशीनच्या आवाजावर ओरडायची सवय झालेला मामाचा आवाज मागच्या अंगणातून आला, "पोट्टा वयात आला, पण अक्कल कुठी आली! दिसली का लागला मांगं! हाकला याले!"

मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला. मुलगा कानापर्यंत लाल. "आम्ही निघतो," वडील म्हणाले. जाळीवरून उडालेल्या कोंबड्याला परत कोंडून, अंगाला पिसं चिकटलेला मामा आत आला, सारा प्रकार कळताच त्याने हात जोडले आणि पुरावा दाखवायला मुलालाच मागे घेऊन गेला.

थोड्या वेळाने मामा एकटाच परतला आणि मला स्वयंपाकघरात नेऊन दार लोटलं.

"बाई, मी तं कोंबडीलेबी विचारून राहिलो, तुले कावून नाही विचारू? तुले आत्ता करायचं हाय का लग्न?"

मी रडायलाच लागले. "मुलगा बरा वाटते, मामा... पण बी.एड. झाल्यावर."

"मंग रडते कायले? सांगतो ना!" त्याने बाहेर जाऊन दोन वर्षं मागितली. वडील कुरकुरले. मुलगा मागून आला आणि म्हणाला, "चालते." तोच माझा नवरा.

परवा मामाच्या तेरवीहून परतताना हे गाडीत एकाएकी हसायला लागले.

"त्या दिवशी मागं नेऊन मामा काय बोलले, माहीत हाय? ते असेपर्यंत सांगायचं नाही, असं कबूल केलं होतं मी."

"काय बोलला?"

"म्हणाले, 'ती नाही म्हणाली तं तू सांगजो, मलेच आत्ता लग्न नाही करायचं. माह्या पोरीवर बोल येऊ नाही.'"

मामाने तर मला यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं.

"अन् तुम्ही हो म्हटलं?"

"म्हटलं ना. मग त्यांनी मले जाळीच्या आत, त्या कोंबड्याच्या बाजूले उभं केलं अन् म्हणाले, 'आता दोघंबी थांबा. मी विचारून येतो.'"