लाल म्हणजे उडवा

आमच्या मंडळाची पत्रकं अंधेरीत एका सोसायटीच्या रिकाम्या गाळ्यात तयार होतात. कच्चा मजकूर लिहितो आमचा मालवणचा दादा. त्यावर हात फिरवते ताई, मंडळाची सर्वेसर्वा. तिची पद्धत ठरलेली: लाल म्हणजे उडवा, निळं म्हणजे नवीन. शेवटचं वाचन माझं. मला जन्मापासून दिसत नाही. कॉम्प्युटरमधला स्क्रीन रीडर वाचतो, मी ऐकते. आणि तो सगळं एकाच सुरात वाचतो, लाल असो की निळं.

मागच्या पत्रकात व्हायचं तेच झालं. मी ‘झकास, छापा’ म्हणाले. प्रेसवाल्याने सगळं काळं करून छापलं आणि मजकुराच्या मधोमध ताईचा लाल शेरा लोकांच्या हातात गेला: ‘हे कोण वाचणार रे?’

ताई म्हणाली, “पुढच्या वेळी शेवटचं वाचन दुसरं कुणीतरी करू दे.”

माझं डोकंच फिरलं. रंगात निरोप लिहायचा तुम्ही, आणि चूक माझी? म्हटलं, “एक पत्रक दे. चुकले तर मीच सोडते.”

रात्रंदिवस वगैरे काही लागलं नाही. अर्धा तास सेटिंग्ज चाळल्या आणि सापडलं: अक्षरांचा रंग सांगा. खूण केली. जुनी फाईल उघडली. ‘रेड ऑन व्हाइट’ असं म्हणून तो ताईचा शेरा वाचू लागला आणि मी एकटीच टाळ्या पिटल्या. लाल कसा असतो ते मला आजही माहीत नाही. ताईच्या फाईलमध्ये तो कुठे सुरू होतो, कुठे संपतो, ते कळलं. मला तेवढंच हवं होतं.

पुढचं पत्रक फुटपाथवरच्या त्या उंचवट्याच्या लाद्यांबद्दल होतं. आमच्यासारख्यांना पायाने वाट कळावी म्हणून बसवल्यात म्हणे, आणि नेऊन सोडतात थेट विजेच्या खांबावर! लाल ओळी पटापट उडवल्या. शेवटी मशीन म्हणालं, ‘व्हाइट ऑन व्हाइट.’

“दादा, ‘साहेब, एकदा डोळे मिटून या, खांब तुमचं स्वागत करेल’ ही ओळ ठेवायची का?”

“खंयची ओळ?” दादाचा आवाज एकदम बारीक.

“इथे कोरं आहे गं,” ताई स्क्रीनवर वाकून म्हणाली.

“कोरं नाही. पांढऱ्यावर पांढरं आहे. ही फाईल वॉर्ड ऑफिसला मेल होणार आहे ना?”

ताईने माऊस फिरवून ओळ निवडली. अक्षरं उमटली असावीत, कारण ती किंचाळलीच, “ही तर मी परवाच काढायला सांगितली होती!”

“काढूक जीव होईना गे,” दादा पुटपुटला. “लय भारी जमली होती. म्हणून लपवलंय. पण तुका कशी गावली गो?”

मी सगळी कथा सांगितली. ताईने ती ओळ पुन्हा मोठ्याने वाचली आणि इतकी हसली की तिला ठसका लागला. दादाने तिच्यासाठी पाणी ओतलं आणि स्वतःच गटागटा प्यायला.

“शेवटचं वाचन तुझंच,” ताई म्हणाली. “कायमचं.”

“एक अट आहे. यापुढे उडवायचं असेल तिथे कंसात ‘उडवा’ असं लिहायचं. उद्या माझ्यासारखी दुसरी आली तर तिने का सेटिंग्ज शोधत बसायचं?”

“लिहीन बाई, लिहीन. आणि या ओळीचं काय करतेस?”

“तू हसलीस ना? मग लोकही हसतील,” मी म्हणाले, आणि ती ओळ काळी करून फाईल प्रेसला पाठवली, वॉर्ड ऑफिसलाही.