बुडीचा वेग

लेकीने खेळाचा वेग कमी केलाय, हे कानसेनच्या पहिल्याच मिनिटात लक्षात आलं होतं. पण तो बोलला काहीच नाही. पुढचे सात महिने मूग गिळून बसला, आणि त्यातच सगळा घोळ झाला.

कानसेन हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते पडलं गेम पार्लरमध्ये. सिनेमागृहाच्या जिन्याखाली एक लांबट खोली होती. तिथे कपाटाएवढी उभी चौदा मशीन दिवसभर एकदम केकाटत असायची. आत शिरलेल्या माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नसे. आपला गडी तिथला मेकॅनिक. दाराशी स्टुलावर बसायचा, खिशाला स्क्रूड्रायव्हर, डोळे अर्धे मिटलेले. बसल्या जागेवरून एकदा तो मालकाला म्हणाला, "मागच्या रांगेतलं तिसरं उतरलंय." मालक हसला. थापा मारतोय म्हणून घड्याळ लावून बसला, तर ते मशीन मिनिटाला खरोखरच सव्वा सेकंद मागे पडत होतं. बोर्डावर ठोका देणारा एक क्रिस्टल असतो, तो थकला होता. मालकाने हात टेकले आणि नाव ठेवलं कानसेन. पुढे बावीस वर्षं त्या खोलीत दुसऱ्या कोणी मशीनचा सूर लावला नाही, आणि त्याने लावूही दिला नाही.

बायकोचं मत अर्थातच निराळं. ती घरी शिवणकाम करते. "माझ्या मशीनचा पट्टा सैल झाला तर यांना आतल्या खोलीतून कळतं," ती आल्यागेल्याला सांगते. "मी चार हाका मारल्या तर एक ऐकू येत नाही."

त्या चौदांत त्याचं लाडकं मशीन म्हणजे बुडी. खरं नाव काहीतरी लांबलचक परक्या भाषेतलं होतं, ते उच्चारायच्या भानगडीत कोणी पडत नसे. समुद्रात बुडालेलं एक मोठं जहाज, त्यात एक पाणबुड्या एकेक मजला खाली उतरतो. नळीतली हवा संपत आली की घंटा वाजते, मासा अंगावर यायच्या आधी खालच्या पट्टीत एक गुरगुर येते. कानसेन एकदा सत्ताविसाव्या मजल्यापर्यंत गेला होता, आणि त्या भागात तेवढं खाली कोणी गेलं नव्हतं. कसं जमतं विचारलं की म्हणायचा, "हाताने नाही खेळत मी. कान सांगतो, हात ऐकतो."

पुढे खेळ घरोघरी आले, मग माणसांच्या खिशात आले. पार्लर बंद झालं. मालकाने निरोप देताना बुडीचा बोर्ड त्याच्या हाती ठेवला. तो वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात गेला, आणि काही वर्षांनी उघडला तेव्हा त्यावरची बॅटरी पाझरून निम्म्या तारा हिरव्या पडल्या होत्या. कानसेनने तो पुसला, पुन्हा गुंडाळला आणि टीव्ही दुरुस्तीच्या कामाला निघून गेला.

मग हात गेला. आधी तारेला डाग देताना सोल्डरगनचं तापलेलं टोक दोन केसांइतकं सरकू लागलं, मग चार. मग शर्टाची बटणं बायको लावू लागली. डॉक्टर म्हणाले, कंपवात. वाढत जाईल, पण हळूहळू, आपण औषधाने त्याला रोखून धरू. कानसेनने काम सोडलं आणि उजवा हात मांडीखाली दाबून खिडकीशी बसायला लागला. कोणी काही म्हटलं की सांगायचा, "हात गेला तर गेला. कान जागेवर आहे." हे तो इतक्यांदा म्हणायचा की बायकोने एकदा विचारलंही, कोणाला पटवताय म्हणून.

लेक एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते. तिला कुठूनसं कळलं की कोणा हौशी माणसांनी जुन्या मशीनच्या चिपांमधला मजकूर उतरवून ठेवलाय, आणि एम्युलेटर नावाचा एक प्रोग्रॅम असतो, तो नव्या कॉम्प्युटरला जुन्या मशीनचं सोंग घ्यायला लावतो. तीन रविवार ती त्या सोंगाच्या मागे होती. पहिल्यांदा चित्र आडवं आलं, कारण पार्लरमधल्या मशीनमध्ये पडदा उभा बसवलेला असे. मग चित्र आलं पण आवाज गायब. शेवटी दांडी आणि दोन बटणं असलेली एक पेटी जोडली, आणि दुपारी बापाला हाताला धरून खुर्चीत बसवलं.

सुरुवातीची धून वाजली तशी कानसेनची मान आपोआप सरळ झाली. अगदी तीच. कणभर इकडे नाही, तिकडे नाही. त्याने दांडी धरली. गुरगुर ऐकू आली, कानाने सांगितलं, आणि हात पोचेपर्यंत मासा पाणबुड्याला गिळून गेला होता. पहिल्या मजल्यावर एकदा, दुसऱ्यावर एकदा, तिसऱ्यावर खेळ खलास. "छान चालतंय," तो म्हणाला, आणि तोंड धुवायला गेला. नळ बराच वेळ चालू होता.

पुढच्या रविवारी लेक म्हणाली, "बाबा, एकदा बसून तर बघा." धून वाजली, आणि कानसेनला कळलं. नव्वद. शंभराचं नव्वद केलंय पोरीने. नव्या मशीनचं हे एक बरं असतं, वेगाचा आकडा टाकला की जुना समुद्र तेवढा संथ वाहतो. आता मासा थोडा उशिरा येत होता आणि हात कसाबसा वेळेवर पोचत होता. तो अकराव्या मजल्यावर गेला. बायको शिवण टाकून बघायला आली. लेक टाळ्या वाजवत होती, आणि तिचा चेहरा असा झाला होता की तिला आता सांगायचं तरी काय. आणि खरं सांगायचं तर, अकराव्या मजल्यावर जायला त्यालाही बरं वाटलं होतं.

तेव्हापासून हे दर रविवारचं झालं. कानसेन दर वेळी अकराव्या मजल्यापर्यंत जायचा, हात दर महिन्याला थोडा आणखी जायचा, आणि लेक गुपचूप आकडा उतरवायची. तो धून ऐकायचा आणि मनात म्हणायचा, आज पंच्याऐंशी. मग ऐंशी. मग पंचाहत्तर. खरा खेळ आता हाच होता. पाणबुड्या, मासे सगळं नावाला. लेकीची लबाडी आपण टक्क्यात पकडतो या जोरावर तो आठवडा काढायचा. पकडली की नाही हे तपासायला मात्र कोणी नव्हतं, त्यामुळे दर रविवारी तोच जिंकायचा.

डॉक्टरांकडे तिघंही जायची. डॉक्टर त्याला अंगठा आणि बोट भराभर टेकवायला सांगायचे, आणि बोट वाटेत कुठेतरी हरवायचं. त्यांच्या कपाळाला आठी पडली की बायको मध्ये तोंड घालायची. "पण घरी छान खेळतात हो. सात महिने झाले, अकरावा मजला एकदाही चुकला नाही." डॉक्टर विचारात पडले. "मग इथे माझ्यासमोर घाबरत असतील," ते म्हणाले. "औषध आहे तेच चालू ठेवू." कानसेनने लेकीकडे बघितलं नाही. लेक पिशवीची चेन उघडून पुन्हा लावत होती. खरं ठाऊक असलेली दोन माणसं त्या खोलीत होती, आणि औषध तेच राहिलं.

त्याच्या पुढच्या रविवारी लेक खेळ लावून ते न बदललेलं औषध आणायला खाली गेली. बायकोकडे एक बाई माप द्यायला आली होती. कानसेन एकटाच होता, धून वाजत होती. सत्तर, तो मनात म्हणाला. फार तर एकोणसत्तर. आणि एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याला वाटलं, आपण किती पक्के आहोत ते एकदा डोळ्यांनी बघून घ्यावं.

माउस चौथ्या खेपेला हाती लागला. बाण पडद्यावर भलतीकडेच पळायचा. त्याने डाव्या हाताने उजव्याचं मनगट दाबलं आणि कसाबसा तो पर्याय उघडला. वेग, आणि पुढे आकडा. पंचावन्न.

चष्मा पुसून त्याने पुन्हा पाहिलं. पंचावन्न. हा कशाचा तरी दुसराच आकडा असेल, असंही त्याने स्वतःला सांगून पाहिलं. मग एकेका टक्क्याने तो आकडा वर नेला आणि पार शंभरावर ठेवला.

धून सुरू झाली. बावीस वर्षं त्याने सकाळी कुलूप काढल्यावर सगळ्यात आधी ऐकली होती तीच धून, खरी, जशीच्या तशी. आणि ती ऐकून त्याच्या मनात आलं, हे चढलंय. बोर्ड बिघडलाय, खूप चढलंय. हात आपोआप खिशाकडे स्क्रूड्रायव्हर शोधायला गेला. मग त्याला कळलं की बिघडलं ते काय.

पार्लरमध्ये एक उतरलं तर बाकीची तेरा साक्षीला असायची, इथे तुलनेला काहीच नव्हतं, असा एक बचाव त्याच्या मनात आला. त्याने तो मनातच मोडून काढला. सव्वा सेकंद पकडणारा माणूस. हात जाताना निदान कळत होतं. रोज कळत होतं, बटणात, चमच्यात, डॉक्टरांच्या चेहऱ्यात. कान मात्र त्याच्याच डोक्यात बसून, रोज बरोबर आहे म्हणत म्हणत, निघून गेला होता. त्याला फार भीती वाटली. हाताच्या वेळीही एवढी वाटली नव्हती.

लेक जिन्यात होती तेव्हाच तिला ती भराभर वाजणारी धून ऐकू आली असणार. ती दारात येऊन उभी राहिली, औषधाची पुडी हातात. पडद्यावर पाणबुड्या पहिल्याच मजल्यावर नुसता उभा होता आणि मासे त्याला खात होते.

"तुम्हाला कधी कळलं?" तिने विचारलं.

"पहिल्याच दिवशी. नव्वद केलं होतंस."

"मग बोलला का नाहीत बाबा?"

"अकराव्या मजल्यावर गेलो होतो ना."

ती शेजारी स्टुलावर बसली. "मला वाटलं, तुम्हाला समजलं तर तुम्ही पुन्हा हात लावणार नाही. म्हणून नंतर एक-दोन टक्केच उतरवत होते. तुमच्या कानाला कळू नये म्हणून."

"नाही कळलं," कानसेन म्हणाला. "मला वाटलं सत्तर आहे."

लेकीने त्याच्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत ती हाताला सांभाळत होती. कानाला काही होईल हे तिच्या गावीही नव्हतं. शिवणाच्या खोलीतून बायकोने विचारलं, कितवा मजला झाला म्हणून.

"डॉक्टरांना खरं सांगू या," लेक म्हणाली. "उद्याच जाऊ."

"जाऊ."

खेळ संपून धून पुन्हा वाजत होती. तिने माउस आपल्याकडे ओढला. डोळे पुसायला तिला हात मोकळा मिळत नव्हता, म्हणून खांद्यानेच पुसले. "आता कितीवर ठेवू?"

कानसेनने डोळे मिटले आणि मान किंचित वाकडी करून ऐकलं. तिने आकडा खाली आणला, थांबली. पुन्हा खाली आणला, थांबली. प्रत्येक वेळी त्याला तेच बरोबर वाटत होतं.

"तुला वाटेल तिथे ठेव," तो म्हणाला. "मला आता कळत नाही."