मेण लागलेले तीस दोरे

शिंपी शर्ट शिवतो, पण तो अंगात घालण्याजोगा होतो काज-बटण करणाऱ्याच्या हातून. त्या वस्तीतल्या चार शिंप्यांचे शर्ट एकाच घरी जायचे आणि त्या घरातल्या बाईला सगळे काजबाई म्हणायचे. दिवसाला चाळीसेक शर्ट, प्रत्येकाला सात-आठ बटणं, असं एकवीस वर्षं चाललं होतं. एवढ्या काळात बोटांना सवयी जडतातच. रिळावरून दोरा तोडला की सुईत ओवण्याआधी तो मेणाच्या वडीवरून ओढायचा, ही त्यांतली सर्वांत जुनी. मेण लावलेला दोरा गुंतत नाही आणि त्याची गाठ पक्की बसते. हे सगळं तिला सांगता आलं असतं, पण आपण ते करतो आहोत हे तिच्या ध्यानातही येत नसे.

मुलगी सातवीत होती. घरात तिचं नाव वकीलबाई, कारण "जेवायला ये" एवढ्या वाक्याचीही ती उलटतपासणी घेई.

एकदा शर्टांचा गठ्ठा टाकायला आलेला शिंपी दारातच कुरकुरला, "गिऱ्हाइकं कपडे उकळत्या पाण्यात घालतात. दोरा कमजोर होतो, बटण पडतं आणि बोंब माझ्या नावाने."

"काका, तुम्ही मोजलंय?" वकीलबाईने आतून विचारलं.

"त्यात मोजायचं काय?"

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचा विषय तिथेच ठरला.

आखणी तिची तिनेच केली. सुती दोऱ्याचे सारख्या लांबीचे साठ तुकडे घ्यायचे. तीस थंड पाण्यात दहा वेळा धुवायचे, तीस कढत पाण्यात. वाळल्यावर तुकड्याचं एक टोक दाराच्या चौकटीवरच्या खिळ्याला बांधायचं आणि दुसऱ्या टोकाला वरून कापलेली प्लास्टिकची बाटली. मग मापाने पाणी ओतत जायचं. दोरा तुटला की किती पाणी झालं ते वहीत लिहायचं आणि तुटलेला तुकडा शेजारी गोंदाने चिकटवायचा.

"तो कशाला?" आईने विचारलं.

"पुरावा."

थंड पाण्याचे तीस तिने स्वतः बांधले. गाठी सुटत, बाटली धाडकन खालच्या टबात पडे, पुन्हा नव्याने सुरुवात. ते बघून काजबाईचा जीव कासावीस झाला. "तुझ्या गाठी म्हणजे बुटाच्या नाड्या आहेत. आण इकडे." कढत पाण्याचे तीस दोरे तिने हातातले शर्ट बाजूला सारून अर्ध्या तासात बांधून दिले.

थंड पाण्याचा दोरा सरासरी नऊशे मिलिलिटरला तुटला आणि कढत पाण्याचा अकराशेला. आकडे बघून विज्ञानाचे सर खुर्चीतून उठले. "गरम पाण्याने दोरा मजबूत होतो? अगं, हे तर सगळ्यांच्या समजुतीच्या उलट आहे!" त्यांनी मुख्याध्यापिकांना सांगितलं, आणि सभागृहातलं मधलं टेबल वकीलबाईच्या नावावर लागलं. जिल्ह्याला शाळेतून एकच प्रकल्प जाणार होता. तो कोणता, याबद्दल सरांना शंका उरली नव्हती.

प्रदर्शनाला चार दिवस होते. वकीलबाई वही पुढ्यात घेऊन वैतागली होती. "या पानांवरचे तुकडे चिकटतच नाहीत. पहिल्या पानांवर नीट बसले. गोंद बदललाय का आपण?"

काजबाईने एक तुकडा उचलून चिमटीत फिरवला. तिला दुसऱ्यांदा फिरवावा लागला नाही.

त्या क्षणी ती गप्प राहू शकली असती. गोंद दुसरा आणता आला असता. तिने तुकडा वहीवर परत ठेवला आणि ती म्हणाली, "हे तीस बाद कर."

"का?"

"मेण लागलंय. मी लावलं."

"कधी?"

"ते कळलं असतं तर लावलं असतं का?"

वकीलबाई वही मिटून भिंतीकडे तोंड करून बसली. सर, मुख्याध्यापिका, मधलं टेबल, सगळं तिच्या पाठीवर दिसत होतं. मग ती वळली. "नवे तीस करायचे. पण तू हात लावायचा नाहीस."

"नाही लावत."

"मांडीखाली ठेव हात."

पुढचे दोन दिवस काजबाई कामातून उठली की हात मांडीखाली घेऊन बसे आणि तोंडाने गाठ शिकवी. "दुहेरी घे. आता ओलं कर. थुंकी नको गं, पाणी! ओढ. ओढ म्हणजे ओढ, गोंजारू नकोस." सतराव्या दोऱ्यापासून गाठी सुटायच्या थांबल्या.

नव्या तीस दोऱ्यांची सरासरी आली आठशे नव्वद. म्हणजे फरक जवळपास नाहीच. शिंप्याचं म्हणणं खोटं ठरलं आणि सरांचा शोधही. वकीलबाईने तक्त्यावर तेच लिहिलं आणि खाली ठळक अक्षरांत एक परिच्छेद घातला: "कढत पाण्याचे पहिले तीस दोरे बाद. ते माझ्या आईने बांधले होते. सवयीने तिने मेण लावलं. गोंद धरेना म्हणून आम्हाला कळलं."

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सरांनी काजबाईला शाळेत बोलावून घेतलं.

"ताई, आकडे बदलले ते ठीक. पण तेवढा मजकूर काढायला सांगा. पालकांची मदत नियमात बसत नाही. परीक्षकांनी वाचलं तर प्रकल्प बाद होईल. तुमचं ती ऐकेल."

"काढला तर टेबल मधलंच राहील?"

"राहील ना. मी आहे."

काजबाईने सभागृहावर नजर फिरवली. टेबलं लागत होती. "सर, ती लोखंडी पवनचक्की कितवीतल्या मुलाची?"

"सातवीतल्याच."

"वेल्डिंग छान करतो."

सर खिडकीबाहेर बघू लागले. "त्यांनी तसं कुठे लिहिलेलं नाही, ताई."

"तेच म्हणतेय मी. आमचं लिहिलंय आणि लिहिलेलंच राहणार. नव्या तीस दोऱ्यांसाठी पोरीने हाताची सालं काढलीत. ते का केले हे लोकांना सांगायचं नसेल, तर जुनेच काय वाईट होते?"

टेबल मधून हललं आणि जिन्याखाली गेलं.

दुसऱ्या दिवशी परीक्षक बाई तिथेही वाकून आल्या. तक्ता त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला, वहीची पानं उलटली. "आई आल्यात?"

"मी."

"या दोऱ्यांना तुम्ही हात लावलात?"

"तीस दोऱ्यांना. तेच बाद केलेत."

शेजारच्या टेबलांमागे उभ्या पालकांना एकाएकी आपापले फोन आठवले.

"नियम आहे," परीक्षक म्हणाल्या. "मला स्पर्धेबाहेर असं लिहावं लागेल."

"लिहा. पण यात खोटं कुठे आहे तेवढं दाखवा."

बाईंनी पुन्हा वही चाळली. "खोटं काही नाही."

"मग तेही लिहा."

परीक्षकांनी परीक्षणाच्या कार्डावर दोन्ही ओळी लिहिल्या: "स्पर्धेबाहेर. नोंदी खऱ्या आहेत." खाली सही केली.

त्या पुढे गेल्यावर शिपाई आला. "बाद झालं ना? टेबल हवंय पलीकडे."

"प्रदर्शन किती वाजेपर्यंत?" काजबाईने विचारलं.

"पाच."

"मग आम्हीही पाच."

तिने कार्ड उचलून तक्त्याच्या मधोमध टाचणीने लावलं, चारही कोपरे सरळ करून. वकीलबाई लाल झाली होती. "आई, लोक वाचतील."

"वाचू देत. सगळं वाचू देत. आणि कोणी विचारलं तर मान खाली घालायची नाही. मेण कोणी लावलं असं विचारलं, तर माझ्याकडे बोट दाखव."

पवनचक्कीपाशी कंटाळलेली दोन मुलं जिन्याखाली डोकावली. त्यांतल्या एकीने विचारलं, "यात काय होतं?"

"दोरा तुटतो," वकीलबाई म्हणाली आणि मापाचं भांडं तिच्या हातात दिलं. "तूच ओत. किती पाण्याला तुटला ते मोठ्याने सांग."