पाणी पिणारी पिकअप

आमच्या पिकअपच्या इंजिनात काहीही बिघडलेलं नव्हतं. एवढं कळायला आम्हाला सतरा दिवस लागले.

पिकअप माझ्या मुलाची, दिलीपची. जुनीच घेतलेली. आमचं गाव कशेळ्याच्या पुढे. भात निघाला की आम्ही भेंडी, काकडी, माठ लावतो, आणि दिलीप आजूबाजूच्या चार घरांचाही माल उचलतो. त्या हिवाळ्यात त्याला मोहोपाड्याच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनला भाजी द्यायचं काम मिळालं, पण कायमचं नाही. कॅन्टीनचे मॅनेजर म्हणाले, "महिनाभर रोज साडेसातला माल गेटवर पाहिजे. एक दिवस उशीर झाला तर समजून घेईन. दुसऱ्यांदा झाला तर दुसरा माणूस बघेन." महिना निभावला तर वर्षभराचं काम. त्या भरवशावर दिलीपने गोदामातली नोकरी सोडली होती. (मला न विचारता!)

गाडी घरी आली त्या दिवशी बॉनेट उघडून तो मला म्हणाला, "आये, ह्यो पांढरा डबा हाय ना, त्यात इंजिन थंड ठेवायचं पाणी असतं. जरा नजर ठेव." तो आपला बोलायचं म्हणून बोलला. मी मात्र नोकरी लागल्यासारखं घेतलं. बैल विकल्यापासून मला सकाळचं काम उरलं नव्हतं.

रोज सकाळी दिलीप मागे क्रेट चढवायचा, सून संगीता बॉनेट वर धरायची, आणि मी कळशीतून तो डबा काठोकाठ भरायची. काठोकाठ म्हणजे झाकण लावताना दोन थेंब बाहेर आले पाहिजेत. आमच्याकडे माणूस कामाला निघाला की समोर भरलेली कळशी धरतात. सासूबाईंना कळशी बोटभर रिकामी दिसली तर त्या मला परत विहिरीवर पिटाळायच्या. आमच्या दारातून उपाशी-तहानलेला बैलसुद्धा कधी बाहेर पडला नाही, मग गाडी का पडावी?

दुसऱ्या दिवशी बघते तर डबा दोन बोटं खाली. भरला. तिसऱ्या दिवशी पुन्हा दोन बोटं खाली!

"दिल्या," मी ओरडले, "तुझी गाडी पाणी पितेय रं!"

"थोडं कमी व्हतं, आये."

"थोडं? दोन बोटं! बैलसुद्धा मुतल्यावर दिसतो, ही कुठे सोडते ते दिसत नाय."

आता तोही घाबरला. त्याने गाडीखाली पुठ्ठे अंथरले. गाडी रोज मोहोपाड्याहून यायची, पुठ्ठ्यावर उभी राहायची, आणि सकाळी पुठ्ठा कोरडा ठणठणीत. पुठ्ठे घातल्यापासून चौथ्या दिवशी पुठ्ठा ओला दिसला. आम्हाला कोण आनंद! दिलीपने कशेळ्याच्या पांडू मिस्त्रीला फोन करून बोलावून घेतलं. पांडूने खाली सरपटत जाऊन ओल्यावर बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि तसाच बाहेर आला.

"मावशी, तुमच्याकडं कुत्रा हाय?"

"शेजाऱ्याचा हाय."

"मग लीकेज शेजाऱ्याचं हाय," म्हणाला, आणि हात धुवायला पाणी मागितलं.

पण आलाच होता तर त्याने डब्याचं झाकण बदललं. मग रबरी पाइपांच्या पट्ट्या बदलल्या. मी दुसऱ्या दिवशी कळशी घेऊन हजर. दोन बोटं खाली!

मग मी उपाय काढला. गाडीला तहान लागते, तर तिला वाटेत पाजत न्यावं. दोन मोठ्या बाटल्या भरून दिलीपच्या बाजूला ठेवल्या आणि बजावलं, "कर्जतला एकदा भर, चौक गावाला एकदा भर. वरपर्यंत. कंजूषपणा करू नकोस." पोराने ऐकलं. (एरवी माझं कधी ऐकत नाही. नेमकं तेव्हा ऐकलं.) गरम डब्याचं झाकण लगेच उघडलं तर वाफेने हात भाजतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी थांबून डबा निवायची वाट बघायची. एका सकाळी त्या वाट बघण्यात पाऊण तास गेला आणि दिलीप आठ वाजता गेटवर पोचला. मॅनेजर घड्याळाकडे बघून म्हणाले, "हा झाला एक दिवस."

घरी आला तो पडलेलं तोंड घेऊन. मी विचारलं, "पाणी किती प्यायली?"

"आये, आज जास्तच प्यायली. जितकं पाजावं तितकं पितेय."

आता पांडू मिस्त्रीने पंप आणला. डब्यात हवा दाबून भरली आणि काट्याकडे बघत आम्ही चौघं उभे. काटा हलला नाही. पांडू गंभीर झाला.

"बाहेरून गळत नाय. म्हंजे आतून पितेय. इंजिनाच्या डोक्याखाली एक पातळ पत्रा असतो, हेड गॅस्केट. तो फुटला की पाणी आत जाऊन जळतं, पांढरा धूर येतो."

आम्ही सगळे मागे जाऊन धुराड्याकडे बघायला लागलो. थंडीची सकाळ. पांढरी वाफ भसाभसा येत होती. त्या सकाळी माझ्या तोंडातूनही तेवढीच येत होती, पण माझं हेड गॅस्केट कुणी तपासलं नाही.

"इंजिन खोलायला लागंल," पांडू म्हणाला. "चार दिवस."

"चार दिवस?" दिलीप खालीच बसला. "एक दिवस गेला तरी काम गेलं माझं!"

"न खोलता चालवशील तर इंजिन जाईल."

संगीता म्हणाली, "दुसऱ्या कुणाची गाडी मिळंल का?" तीन ठिकाणी फोन केले. कुणी सकाळी साडेपाचला यायला तयार नाही. मी शेजारणीकडे बघून मोठ्याने म्हटलं, "नजर लागली कुणाची तरी." तिने दार लावून घेतलं. त्या बिचारीने गाडीकडे मान वर करून कधी बघितलं नव्हतं.

शेवटी कुणीतरी खोपोलीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं नाव सुचवलं. कारखान्यांच्या गाड्या बघण्यात त्यांचा जन्म गेलेला. दिलीप म्हणाला, "मॅनेजरकडं माल टाकून तसंच खालापूरवरून खोपोलीला जाऊ. आये, तू चल. पाण्याचं समदं तुलाच ठाऊक हाय." मी नवं लुगडं नेसले. साक्षीदार म्हणून चालले होते ना!

मिस्त्रीबाबांनी इंजिन सुरू केलं नाही, की काही खोललं नाही. नुसते बघत राहिले. डब्याच्या बाजूने एक बारीक नळी खाली गेली होती, तिचं तोंड त्यांनी बोटाने दाखवलं. सगळं इंजिन धुळीने माखलेलं, आणि त्या नळीचं तोंड तेवढं धुतल्यासारखं लख्ख.

"पाणी कोण भरतं?"

"मी," मी पुढे झाले.

"किती भरता?"

"काठोकाठ. सतरा दिवस एकदा चुकले नाय."

त्यांनी खिशातून फडकं काढलं आणि डबा पुसला. मातीखालून डब्यावर दोन रेघा निघाल्या, शेजारी इंग्रजी अक्षरं.

"ताई, पाणी ह्या दोन रेघांच्या मधे ठेवायचं असतं."

"एवढा डबा रिकामा? मग डबा मोठा केला कशाला?"

"घरात भात कोण शिजवतं?"

"अजून तरी मीच."

"पातेलं काठोकाठ भरून चुलीवर ठेवता?"

"मला काय येड लागलंय? तापल्यावर उतू जाईल की!" मी म्हटलं.

मिस्त्रीबाबा फडक्याची घडी घालत राहिले. रस्त्यावरून दोन ट्रक गेले तेवढ्या वेळात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी रोज काठापर्यंत भरत होते, गाडी रस्त्यात तापली की जास्तीचं पाणी नळीवाटे बाहेर टाकत होती, आणि जितकं पाहिजे तितकं ठेवून घरी येत होती. म्हणून पुठ्ठा कोरडा. ती दोन बोटं म्हणजे गाडीची तहान नव्हती. ती गाडीची ओकारी होती!

"ह्यात हिरवं कूलंट घालायचं असतं," ते पुढे म्हणाले. "तुम्ही घालून घालून सगळं विहिरीचं पाणी करून ठेवलंय." इंजिन निवल्यावर त्यांनी सगळं काढून नवीन भरलं, दोन रेघांच्या मधे, आणि झाकण स्वतः लावलं. माझ्याकडे बघत लावलं.

येताना मी दिलीपला झापलं, "मी चौथी शिकलेली. तू बारावी! डब्यावर इंग्रजीत लिहिलेलं तुला वाचता येत नाय?"

"आये, पुसल्याशिवाय दिसंल कसं?"

"मग पुसायचं व्हतं!"

"पुसणार व्हतो. पण त्या डब्याजवळ तू जाऊ कुठं देत व्हतीस!"

पुढचे तेरा दिवस डब्याला मी हात लावला नाही. संगीता रोज रेघ बघून यायची. पाणी केसभरही हललं नाही. दिलीप रोज सव्वासातला गेटवर.

महिना भरला त्या दिवशी मॅनेजरांनी वर्षभराच्या कामाचा कागद द्यायला बोलावलं. मीही बरोबर गेले. कागद देताना त्यांनी सहज विचारलं, "मधे एक दिवस गाडीचा त्रास झाला होता तुला. आता ठीक आहे ना? काय बदलावं लागलं?"

"गाडीचं काय नाय बदललं, सायेब," दिलीप म्हणाला. "पाणी भरणारी बदलली."

"मग आधीची कोण होती?"

दिलीपने मान खाली घालून कागद वाचायला घेतला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा शहाण्यासारखा वागला. पण मला राहवलं नाही. मी पदर सावरला आणि म्हणाले, "मीच ती. आणि सायेब, तुमच्या कॅन्टीनमधे पाणी भरायला बाई लागत असंल तर सांगा, मी सध्या रिकामीच हाय."